वाळवंट कोणी केले?

हिंगोलीचे वाळवंट होत चालले आहे, हे वाक्य अलीकडे आमच्या कानांवर इतक्या वेळा पडते की, ते उच्चारणारास त्याचा अर्थ विचारण्याचाही संकोच वाटू लागावा. सभेत अध्यक्ष ते म्हणतात, लग्नाच्या मांडवात व्याही ते म्हणतात, आणि पुण्यास नोकरीवर असलेला मुलगा वैशाखात चार दिवस घरी आला म्हणजे परत जाताना तोही तेच म्हणून जातो. ऐकणारे मान डोलवितात, उपरण्याने वारा घेतात आणि विषय संपतो. या वाक्यात मोठी सोय आहे. वाळवंट देवाने केलेले असते; त्याचा जाब कोणास विचारता येत नाही, व कोणास द्यावाही लागत नाही. म्हणूनच ते इतके लोकप्रिय झाले आहे. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. हिंगोलीस वाळवंट म्हणणे हे अज्ञान नव्हे, ती पळवाट होय. आणि ज्या गोष्टींमुळे हे गाव राहावयास दिवसेंदिवस कठीण होत आहे, त्यांपैकी पुष्कळशा आभाळातून पडलेल्या नसून आमच्याच हातांनी घडलेल्या आहेत.

प्रथम आकड्यांचा हिशेब करू. हिंगोली जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. जैसलमेरास तो २०० मिलिमीटरांच्या आगेमागे असतो. पुणे शहराची सरासरी साडेसातशेच्या घरात आहे, म्हणजे हिंगोलीहून अधिक नाहीच. परंतु पुण्यास वाळवंट म्हणण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले आमच्या ऐकिवात नाही. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेकडे पूर्णा आणि मधून कयाधू वाहते. पूर्णेवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे, पैनगंगेवर इसापूरचे धरण. वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात २०२२ च्या जुलैत आसना नदीचे पाणी घराघरांत शिरले, आणि लोकांनी रात्र छपरांचा व उंचवट्यांचा आसरा घेऊन काढली. वाळवंटात बुडण्याची भीती बाळगावी लागते, असे कोणत्या भूगोलात सांगितले आहे?

यावर कोणी म्हणेल की, सरासरी ही फसवी असते. एक वर्ष महापूर व लागोपाठ तीन वर्षे कोरडी, यांची बेरीज करून भागाकार केला तर तहान भागत नाही. हे आम्हांस मान्य आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले, ही गोष्ट मराठवाड्यातील कोणीही विसरलेला नाही. उष्णता वाढत आहे, हेही आम्ही नाकारीत नाही. २०२४ हे साल आजवर मोजल्या गेलेल्या सर्व सालांत अधिक उष्ण ठरले, आणि ते एकट्या हिंगोलीपुरते नव्हे तर साऱ्या पृथ्वीचे ठरले. परंतु यातून निघणारा निष्कर्ष आमच्या प्रतिपक्षाच्या उपयोगाचा नाही. ज्याच्या घरास आग लागण्याचे भय वाढले आहे, त्याने आपली विहीर बुजवावी काय? ऊन वाढले म्हणूनच सावलीची किंमत वाढते. पाऊस लहरी झाला म्हणूनच पाणी धरून ठेवणारी प्रत्येक वस्तू मोलाची होते. आम्ही मात्र उन्हाचे निमित्त करून सावली तोडली, आणि पावसास दोष देत नदी रिकामी केली. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली वाळवंटीकरणाविषयी जो करार केला, त्यातील व्याख्येतही हवामानातील फेरबदलांच्या जोडीस मनुष्याच्या कृती स्पष्ट शब्दांत घातलेल्या आहेत. आमच्या सभांतून त्या व्याख्येचे पहिले अर्धेच काय ते वाचले जाते.

ज्यांचे घर खरोखरच वाळवंटात आहे, ते लोक कसे राहतात हे पाहण्याजोगे आहे. जैसलमेरच्या गल्ल्या अरुंद ठेवलेल्या आहेत, त्या जागेच्या टंचाईमुळे नव्हेत. समोरासमोरील घरांची सावली एकमेकांवर व वाटसरूवर पडावी म्हणून. भिंती जाड दगडाच्या, झरोके जाळीचे, आणि गावाबाहेर घडसीसर तलाव, जो चौदाव्या शतकात रावळ घडसीने नव्याने बांधविला असे सांगतात. संध्याकाळी माणसे त्याच्या घाटावर जाऊन बसत, बायका तेथे पाण्यास जात, आणि गावाचे निम्मे बोलणे तेथेच होई. वाळवंट राहण्याजोगे करण्यास त्या लोकांनी शतके वेचली. राहण्याजोगी भूमी वाळवंटासारखी करण्यास आम्हांस एक पिढी पुरली.

खुद्द वाळवंट या शब्दाचीच आम्ही जी विटंबना केली आहे, तीही येथे सांगितली पाहिजे. मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द आला तो मारवाडच्या ओसाडीवरून नव्हे. तो आला नदीकाठच्या वाळूवरून. वारकऱ्याने वाळवंट म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे गर्दी उभी राहते: टाळ, दिंड्या, कीर्तन, चंद्रभागेची ओली वाळू आणि तीवर उमटलेली हजारो पावले. आणि ज्या नामदेवांचे नाव त्या वाळवंटाशी कायमचे जोडले गेले, त्यांचे जन्मस्थान म्हणून ज्या नरसीस लोक मस्तक टेकतात, ती नरसी आमच्याच हिंगोली तालुक्यात कयाधूच्या काठी आहे. म्हणजे वाळवंट हे ज्या भाषेत माणसांनी एकत्र जमण्याचे, उघड्या आकाशाखाली नाचण्याचे ठिकाण होते, त्याच भाषेत आज आम्ही तो शब्द माणसांनी निघून जाण्याच्या ठिकाणास लावीत आहो.

आणि कयाधूचे ते वाळवंट तरी कोठे राहिले आहे? नदीतील वाळू म्हणजे पडीक माती नव्हे. ती पाणी पोटात धरते, वरून नदी आटली तरी खालून तिला वाहती ठेवते, काठच्या विहिरींस पाझर देते, आणि सूर्य मावळल्यावर घटकाभरात थंड होते. काठच्या गावांतील जुनी माणसे सांगतात की, उन्हाळ्यात वाळूत हातभर झरा खणावा आणि तांब्या भरून घ्यावा. पोरांनी दिवेलागणीपर्यंत तेथेच कुस्त्या धराव्यात, हुतुतू खेळावा. त्यांस मैदान कोणी बांधून दिले नव्हते, कोणी त्याचे उद्घाटन केले नव्हते. नदीने ते दरवर्षी नवे करून दिले होते. आज मराठवाड्यातील कोणत्याही नदीच्या काठी रात्री उभे राहावे, म्हणजे ट्रॅक्टरांचे दिवे पात्रात फिरताना दिसतात. पर्यावरणविषयक परवानगीवाचून लहानशा पट्ट्यातूनही वाळू काढू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या फेब्रुवारीत बजाविले. परंतु न्यायालयाचा शब्द दिल्लीत उच्चारला जातो आणि वाळू रात्री उचलली जाते. ती वाळू जाते कोठे? सिमेंटात. सिमेंट होते घर, आणि ते घर दिवसभर तापून रात्रभर आपली उष्णता आत झोपलेल्यांस देत राहते. नदीतला गारवा उपसून आम्ही तो घरात उष्णतेच्या रूपाने ओतला आहे, आणि वर म्हणतो आहो, हवा बदलली!

नदीची जी कथा, तीच सावलीची. रस्ता रुंद करावयाचा ठरला की प्रथम कडेची चिंच जाते, मग वड, मग कडुनिंब. रस्ते रुंद व्हावेत, याविषयी आमचा वाद नाही. अकोल्याहून नांदेडास जाणारा महामार्ग रुंद झाल्याने कित्येक रोग्यांचे प्राण वाचत असतील. परंतु रुंद रस्ता झाल्यावर पुनः झाड लावून ते सावली देईपर्यंत जगविणे, हा त्या कामाचाच भाग आहे, ही समजूत आमच्याकडे अद्याप रुजलेली नाही. नागरी भागातील वृक्षांच्या रक्षणाचा कायदा महाराष्ट्रात १९७५ पासून आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील झाडांस वारसावृक्षाचा मानही मिळाला. परंतु ज्या झाडांस कायद्याने मान दिला, त्यांच्या बुंध्यास आम्ही फरशीचा फास दिला. मुळांस पाणी व हवा लागते, हे शाळेतील मुलास ठाऊक असते. ते विसरून सुशोभनाच्या नावाखाली थेट खोडास भिडवून सिमेंटचे ठोकळे बसविले जातात. दिल्लीतील झाडांच्या भोवती एक मीटर जागा मोकळी ठेवावी, अशी आज्ञा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास २०१३ साली द्यावी लागली. जी गोष्ट खेड्यातील म्हातारी आळे करताना आपोआप करते, तिच्यासाठी न्यायासन बसवावे लागावे, यातच आमच्या नागरी शहाणपणाचे मोजमाप झाले.

येथे आमच्यापुढे सरकारी आकडे टाकले जातात. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. आकडे भव्य आहेत. परंतु रोप म्हणजे सावली नव्हे, आणि खड्डा म्हणजे रोपही नव्हे. दुपारी दोन वाजता बसथांब्यावर मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईस तेहतीस कोटींचा उपयोग नसतो. तिला एकच झाड हवे असते, पण ते तेथे हवे असते. गावाची सावली कोटींत मोजता येत नाही. घरापासून शाळेपर्यंत, शाळेपासून बाजारापर्यंत किती पावले उन्हातून टाकावी लागतात, या एकाच मापाने ती मोजावी. त्या मापाने हिशेब झाला, तर पुष्कळ गावांस आपली वृक्षारोपणाची छायाचित्रे भिंतीवरून उतरवावी लागतील.

आता मैदानाकडे वळू. १९०३ पर्यंत हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. फौजेचा तळ पाणी व मोकळी जागा पाहूनच दिला जातो. वाळवंट पाहून कोणी तो देत नाही. हिंगोलीचा दसरा दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगतो. खाकीबाबांच्या मठाचे नाव त्याच्याशी निगडित आहे, आणि रामलीला मैदानावर त्या दिवसांत पंचक्रोशी लोटते. तेथे लोटलेला तो समुदाय पाहून ज्यास असे वाटत नसेल की, या गावास मोकळ्या जागेची भूक आहे, त्याने डोळे तपासून घ्यावेत. २०११ च्या शिरगणतीत हिंगोली शहराची लोकसंख्या ८५,१०३ भरली. त्यानंतर ती वाढलीच असणार. त्या माणसांस वर्षाचे दहा-पंधरा दिवस मैदान लागते आणि उरलेले साडेतीनशे दिवस लागत नाही, असे आहे काय?

मैदाने जातात कशी, हेही वाचकांनी समजून घ्यावे. कोणी एका रात्रीत ती चोरीत नाही. १९६६ च्या नगररचना कायद्यान्वये गावाचा विकास आराखडा होतो, त्यात क्रीडांगण, उद्यान म्हणून जागा राखून ठेवल्या जातात, नकाशात त्या हिरव्या रंगाने रंगवितात. मात्र त्याच कायद्याचे १२७ वे कलम सांगते की, आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, आणि मालकाने नोटीस दिल्यावर ठरलेल्या मुदतीतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण रद्द होते. मालकाच्या बाजूने पाहता हे न्याय्यच आहे. कोणाची जमीन आयुष्यभर अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु गावाच्या बाजूने पाहता याचा अर्थ असा की, ज्यांनी दहा वर्षे झोप काढली, त्यांच्या झोपेची किंमत मुलांनी मोजावयाची. मैदान येणेप्रमाणे स्वस्थ बसून गमाविले जाते, आणि त्याविषयी कोणास शिक्षा झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

जेथे मैदान उरले आहे, तेथे तरी काय स्थिती आहे? गेल्या वैशाखात एका गावी आम्ही सायंकाळी फिरावयास निघालो. एका शाळेचे प्रशस्त पटांगण दिसले, कडेने चार कडुनिंब, आणि फाटकास कुलूप. बाहेर डांबरी रस्त्यावर, मोटारींच्या मधून, सात-आठ मुले चेंडू खेळत होती. रखवालदारास विचारले, तर तो म्हणाला, "साहेब, मुलं आत आली की नासधूस करतात." पलीकडे सार्वजनिक व्यायामाची लोखंडी साधने सिमेंटच्या ओट्यावर उघड्या उन्हात उभी होती; सूर्य मावळून गेला तरी त्यांस हात लाववत नव्हता. एकीकडे सावली आहे तेथे कुलूप, दुसरीकडे कुलूप नाही तेथे सावली नाही; आणि मुले दोहोंच्या मध्ये रस्त्यावर. एखाद्या व्यंगचित्रकारास याहून चांगले चित्र सुचले नसते.

आमचे कित्येक मित्र म्हणतात, "ज्या जिल्ह्यात शेतकरी कर्जाने बेजार, ऊसतोडीस कुटुंबे परमुलुखी जातात, तेथे तुम्ही खेळावयाची जागा आणि फिरावयाची सोय मागता! हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत." हा आक्षेप सद्भावनेचा आहे, म्हणून त्यास सविस्तर उत्तर देणे प्राप्त आहे. मोकळ्या हवेतील विसावा हा श्रीमंतांचा शोध आहे, असे मानणे हीच मुळी चूक होय. हुरड्याची आगटी, जत्रेतील कुस्तीचा फड, कोजागरीचे दूध, पारावरची बैठक, तालमीची लाल माती, यांपैकी कोणती गोष्ट सावकाराने काढली? या सर्व गरिबांच्या होत्या, आणि फुकट होत्या. श्रीमंताचे मैदान गेले तर तो मोटारीत बसून थंड हवेच्या गावी जातो. गरिबाचे गेले तर तो दारूच्या दुकानापुढे बसतो. आणि ज्या मजुराच्या नावाने हा आक्षेप घेतला जातो, त्याच्याइतकी सावलीची गरज कोणास आहे? त्याच्या दुपारच्या भाकरीस झाड नसेल, घड्यास पाणी नसेल, तर ऊन त्याच्या अंगावर उतरते आणि कधी कधी त्यास घेऊन जाते. तेथे सावली हा चोचला नव्हे; ती औषध होय.

त्याहूनही मूक गाऱ्हाणे स्त्रियांचे आहे. पुरुषास निदान चहाचे दुकान आहे, चौक आहे. पत्र्याच्या छपराखाली दिवसभर चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभी राहिलेली बाई सायंकाळी जाणार कोठे? पूर्वी ती पाण्याच्या निमित्ताने नदीवर जाई; त्या कष्टांचे गोडवे आम्ही गात नाही, नळ घरी आला हे उत्तमच झाले. परंतु कष्ट गेले त्याबरोबर तिचे बाहेर पडण्याचे निमित्तही गेले, आणि त्याच्या जागी आम्ही तिला दुसरे काही दिले नाही. जलेश्वराच्या तळ्यासारखी जागा गावात आहे, तिच्या काठी उजेड, बाक आणि निर्भय वाट असणे, हे शोभेचे काम नव्हे. निम्म्या गावास श्वास घेऊ देण्याचे ते काम आहे.

दुसरा एक पक्ष आहे, तो यंत्रवाद्यांचा. त्यांचे म्हणणे, ज्यास उकडते त्याने वातानुकूल यंत्र घ्यावे. हे यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते खोलीतील उष्णता उचलून गल्लीत टाकते. ज्याच्या घरी यंत्र आहे त्याची उष्णता, ज्याच्या घरी नाही त्याच्या खिडकीत जाते. रोग्यास, वृद्धास ते अवश्य द्यावे. परंतु गावाने गावाचा उकाडा शेजाऱ्याच्या दारात ढकलून आपण थंड झालो म्हणावे, हा धर्म नव्हे, अर्थशास्त्रही नव्हे.

वस्तुतः या उन्हाशी आमचे वैर नाही. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती हळद उकडून झाल्यावर हेच ऊन तिला खणखणीत वाळविते. आमची काळी जमीन याच उन्हात भेगाळून पहिल्या पावसाची वाट पाहते. औंढा नागनाथजवळ विश्वातील गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली २६०० कोटी रुपये मंजूर केले; म्हणजे जगातील शास्त्रज्ञांस ही भूमी कामाची वाटते. उद्या ते आपली बायकामुले घेऊन येथे राहावयास येतील, तेव्हा प्रथम विचारतील की, मुलांनी संध्याकाळी खेळावे कोठे? त्यांच्यासाठी कदाचित तारेच्या कुंपणाआड हिरवळ तयारही होईल. परंतु जी मुले येथेच जन्मली, त्यांनी हा प्रश्न इतकी वर्षे विचारला, त्यांस उत्तर काय?

आमच्या मागण्या थोड्या आहेत, आणि त्यांपैकी एकीसही कोट्यवधी रुपये लागत नाहीत. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक शाळेचे पटांगण सकाळ-संध्याकाळ मुलांस उघडे असावे. कोणत्याही झाडाच्या बुंध्याशी सिमेंट भिडू नये. आराखड्यातील प्रत्येक राखीव मैदानाची मुदत कधी संपते, याची यादी दरवर्षी नगरपालिकेच्या दाराशी लावावी, म्हणजे झोपणारांची नावे गावास कळतील. नदीतील वाळूचा पहारा तहसील कचेरीवर एकट्यावर न सोपविता काठच्या ग्रामसभेने आपल्या विहिरीचा प्रश्न म्हणून तो करावा. आणि उन्हाळ्यात दुपारी अंगमेहनतीचे काम बंद, सावलीचे व पाण्याचे ठिकाण ठरलेले, असा नेम असावा. २०१० च्या उन्हाळ्यात माणसे गमावल्यावर अहमदाबादेने २०१३ साली असा उष्णताविरोधी आराखडा केला. अहमदाबाद आमच्याहून थंड आहे म्हणून त्यास हे साधले, असे तर कोणी म्हणणार नाही?

हे सर्व केल्यावरही वैशाख वैशाखच राहील, हे आम्ही जाणतो. दुपारी माणूस घरातच बसेल. परंतु सायंकाळी तो बाहेर येईल की नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे; आणि त्याचे उत्तर हवामानखात्याच्या हाती नाही, आमच्या हाती आहे. ज्या गावातील माणसे सायंकाळी बाहेर येतात, एकमेकांस भेटतात, त्या गावास वाळवंट म्हणताच येत नाही, मग पाऊस कितीही पडो. आणि ज्या गावात ती दारे लावून बसतात, तेथे धरणे तुडुंब भरली तरी वाळवंटच असते. पुण्याहून आलेला मुलगा पुढच्या वैशाखात पुनः येईल. तो परत जाताना काय म्हणतो, हे या एका वर्षात आम्ही काय करतो त्यावर अवलंबून राहील.